बाटलीला झाकण होतं का

"शेवटचं एक विचारते," बाई म्हणाल्या. "बाटलीला झाकण होतं का?"

पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठीची मुलाखत संपली असं धरून तो मनातल्या मनात खुर्चीवरून उठलाच होता. रंगाच्या कारखान्यात शांत अशी एकच खोली होती, नमुन्यांचे डबे ठेवायची. तिथे एका उलट्या ठेवलेल्या पिंपावर लॅपटॉप मांडून तो बसला होता. मागे फळीवर गेल्या तीन वर्षांच्या रंगांचे छोटे डबे, प्रत्येकावर वाळलेल्या रंगाचा ठिपका. पडद्यावरच्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी त्याला दाटपणाबद्दल विचारलं होतं, प्रबंधाबद्दल विचारलं होतं, पुढे काय करायचंय ते विचारलं होतं, आणि सगळं नीट पार पडलं होतं.

"हो," तो म्हणाला. आणि लगेच, "म्हणजे, बहुतेक होतं."

"बहुतेक?" बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या जास्त लक्ष देऊन बघतायत असं वाटलं. "औषधाची पातळी रोज थोडी उतरायची असं निबंधात लिहिलंयत तुम्ही. औषध हवेत उडून जातं हे लहानपणी असं कळलं. ठीक. पण झाकण असेल तर उडणार कसं? आणि मग एक दिवस पातळी चढली. झाकण नसलं तरी चढणार कशी?"

"ती मोजमापातली चूक होती. डोळा रेघेच्या बरोबर समोर नसला की..."

"ते वाचलं मी. छान लिहिलंय." त्या शिंकल्या. "असं करा, उद्या दुपारपर्यंत चार ओळी लिहून पाठवा. खर्चासकट जागा एकच आहे आणि तुम्ही दोघं उरलाय. त्या दुसऱ्याच्या निबंधात विचारावं असं काही नाहीच. तुमच्यात आहे. मला आपली उत्सुकता, दुसरं काही नाही."

पडदा काळा झाला आणि त्यात त्याचा स्वतःचा चेहरा, मागे डबे. मला आपली उत्सुकता. दुसरं काही नाही. माणसं 'दुसरं काही नाही' कधी म्हणतात, याचा तो विचार करत बसला. दुसरं काही असतं तेव्हाच. मग 'छान लिहिलंय' हे शब्द त्याने परत कानात वाजवून बघितले. त्यात जरा ताण होता का? प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांना एखादा नमुना नापास करायचा असला की ते आधी त्याच्या चकाकीचं कौतुक करायचे. आणि बाईंनी हे एवढंच कसं पकडलं? बाकीच्या चार कॉलेजांतल्या कुणीच पकडलं नव्हतं. की पकडलं होतं, म्हणून तिघांनी नकार कळवला आणि चौथ्याने अजून काहीच कळवलं नाही? ही माणसं एकमेकांना ओळखत असणार, परिषदांना भेटत असणार. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं असेल, आमच्याकडे एकाचा अर्ज आलाय, खोकल्याच्या औषधाची बाटली. आणि दुसरा म्हणाला असेल, अरे, आमच्याकडेही एक बाटली आलीय.

कारण बाटली सगळीकडे गेली होती. विज्ञानाची ओढ कशी लागली असं एकाने विचारलं होतं, तिथे बाटली. अपयशातून काय शिकलात, तिथे बाटली, पण चढलेल्या पातळीसकट. तुमच्यावर प्रभाव असलेली व्यक्ती, तिथे बाबा आणि त्यांच्या हातातली बाटली. प्रामाणिकपणाची कसोटी पाहणारा प्रसंग, तिथे पुन्हा तीच: पातळी चढली हे विचित्र असूनही त्या मुलाने ते जसंच्या तसं सांगितलं. पाचव्याने फक्त 'स्वतःबद्दल लिहा' म्हटलं होतं, तिथे त्याने चारही एकत्र केल्या. त्याच्या बाकावर शेजारी बसणारा, गोंद आणि चिकटपट्ट्यांची चाचणी करणारा म्हणून ज्याला सगळे चिकट म्हणत, त्याने एकदा त्या पाचही प्रती वाचल्या होत्या. "तू म्हणजे एकच कोट घालून पाच लग्नांना जाऊन आलास की रे," तो म्हणाला होता. "नुसता रुमाल तेवढा बदललास." तेव्हा दोघं खूप हसले होते. यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नव्हतं. माणसाचं लहानपण एकच असतं. पाच जणांनी विचारलं म्हणून पाच लहानपणं कुठून आणायची? प्रयोगाचे आकडे तेच ठेवून निष्कर्षाचा भर बदलणं, एवढंच त्याने केलं होतं.

पण आता त्याने पाचही प्रती शेजारी शेजारी उघडल्या, आणि आकडे तेच नव्हते. पहिल्यात बाटली 'खिडकीतल्या उन्हात' होती. तिसऱ्यात 'मोरीवरच्या फळीवर, अंधारात'. एका ठिकाणी त्याने 'उघड्या बाटलीतून' असं चक्क लिहून टाकलं होतं. दुसऱ्यात 'सैलसर झाकणातून'. बाईंना पाठवलेल्या पाचव्यात झाकणाचा उल्लेखच नव्हता. हे त्याने केव्हा केलं? ठरवून केल्याचं आठवत नव्हतं. प्रत्येक वेळी वाक्य अडखळलं असणार, आणि प्रत्येक वेळी त्याच्या हाताने ते अडखळणं गुळगुळीत केलं असणार, जसा शेजारचा चिकट त्याच्या पट्टीखालची हवा अंगठ्याने कडेला ढकलायचा. म्हणजे हाताला माहीत होतं. झाकण आहे आणि ते अडचणीचं आहे, हे हाताला पाचही वेळा माहीत होतं.

झाकण होतं. पांढरं, कडेला बारीक दाते असलेलं. आता ते इतकं स्वच्छ दिसलं की त्याला त्याचाच संशय आला. बाईंनी विचारलं म्हणून तर मेंदूने आत्ताच बनवून दिलं नसेल? पण मग बोटांना ते दाते कसे आठवत होते? तो दुसरीत होता. बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते, कडक शिशाच्या पेन्सिलीने केसाएवढ्या बारीक रेघा ओढायचे. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला. रात्रभर अनोळखी माणसं एकमेकांना जोडून देऊन ती सकाळी यायची, त्याचा डबा भरायची आणि झोपायची. तिचा घसा कायम बसलेला असायचा, म्हणून ते औषध. लाल, दाट, ऊन पडलं की बाटलीतून भिंतीवर लाल डाग पडायचा. एका रविवारी बाबांनी बाटलीला उभी पांढरी पट्टी चिकटवली, पातळीपाशी रेघ ओढली, खाली मोजपट्टीसारख्या आणखी रेघा आखल्या आणि त्याला जवळ बोलावलं. आपण एक प्रयोग करतोय. काही गोष्टी हवेत उडून जातात, दिसत नाहीत, पण मोजता येतात. तू शाळेतून आलास की बघायचं, पातळी रेघेच्या किती खाली गेली ते, आणि संध्याकाळी मला सांगायचं. बाटली हलवायची नाही. आणि आईला सारखं उठवायचं नाही, ती दमलेली असते. त्याच्या खांद्यावर बाबांचा हात होता आणि हाताला खोडरबराचा वास होता. या वासाबद्दल त्याने पाचही ठिकाणी लिहिलं होतं. तो खरा होता. बाकी काही नसलं तरी तो वास खरा होता.

जेवणाची सुट्टी संपली. तो बाकाशी परत आला आणि दुपारचे नमुने घेतले. तळाला भोक असलेला कप, भोकावर बोट, कप रंगाने काठोकाठ भरायचा, बोट काढायचं, धार तुटेपर्यंतची वेळ घड्याळात बघायची. दाट रंग सावकाश जातो, पातळ भसकन. हे काम तो डोळे मिटून करू शकला असता, आणि आज बहुतेक तसंच केलं, कारण धार बघता बघता त्याला एक रंग आठवला. चढलेल्या पातळीचा दिवस. पातळी रेघेच्या खाली नव्हती, वर होती, दोन रेघांएवढी वर. आणि भिंतीवरचा डाग नेहमीसारखा लाल नव्हता. गुलाबी होता.

त्याने घड्याळ बंद करायला उशीर केला. हे वाक्य पाचही प्रतींत कुठेच नव्हतं. गुलाबी डाग त्याने एकदाही लिहिला नव्हता.

"मुलाखत फसली का?" चिकट म्हणाला.

"नाही. चांगली झाली."

"मग तोंड असं का? आमच्या गोंदाने चिकटवल्यासारखं."

"झाकण लावलेल्या बाटलीतून औषध कमी कसं होईल?"

"कुणीतरी पिईल," चिकट म्हणाला आणि कात्री शोधायला लागला. मग वर बघून, "का रे? हे कोडं आहे का?"

"आणि वाढेल कसं?"

"ज्याने प्यायलं तो घाबरला असेल. वसतिगृहात आम्ही हेच करायचो. रेक्टरच्या बाटलीत पाणी." तो हसला आणि मग हसायचा थांबला. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. "ए, चहा घेतोस?"

तो नको म्हणाला. आता तो इतका शांत होता की त्याला स्वतःच्याच शांतपणाचा संशय आला. एवढी सोपी गोष्ट. पदवी घेतलेला माणूस, दिवसभर द्रवांच्या पातळ्या मोजणारा माणूस, ती पाच वेळा लिहितो आणि त्याला कळत नाही. हे न कळणं नाही. न कळण्याला इतकी मेहनत लागत नाही. घरी चालत जाताना त्याने पातळी चढल्याच्या त्या संध्याकाळकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. निबंधात ती संध्याकाळ अशी होती: बाबा येतात, मुलगा धावत जातो, पातळी चढली म्हणून सांगतो, बाबा बाटली उजेडात धरून शास्त्रज्ञाच्या गांभीर्याने निरखतात आणि म्हणतात, मोजताना चूक होऊ शकते, पुन्हा बघ. पण बाबांनी बाटली उजेडात धरली, त्यानंतर आणखी काहीतरी केलं होतं. झाकण फिरवलं होतं. करकर आवाज. करंगळी आत बुडवली होती आणि जिभेला लावली होती. आणि ते काहीच म्हणाले नव्हते. 'मोजताना चूक होऊ शकते' हे वाक्य त्याला कॉलेजात शिकवणाऱ्या एका सरांचं होतं. ते त्याने बाबांच्या तोंडी कधी घातलं, पहिल्या निबंधात की त्याच्याही आधी? बाबा फक्त एवढं म्हणाले होते: जा, बाहेर खेळ. दिवेलागणीला कुणी मुलाला बाहेर खेळायला पाठवत नाही. तो जिन्यात बसला होता, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे रेडिओवरचे बाजारभाव ऐकत. दार बंद होतं. आणि नंतर आई बरेच दिवस मावशीकडे होती. मावशीला बरं नव्हतं, असं त्याला सांगितलं होतं. पण सुट्टीत तो मावशीकडे गेला तेव्हा मावशी ठणठणीत होती आणि आई अंथरुणात होती, हात थरथरत होते, आणि मावशी म्हणाली होती, तुझ्या आईला बघायला आलास ना, मग जवळ जाऊ नको हं, तिला झोप लागू दे. हे दोन्ही त्याला कायम आठवत होतं. फक्त ते दोन वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेलं होतं, आणि कपाटांच्या किल्ल्या कुणीतरी वेगळ्या करून ठेवल्या होत्या. कुणीतरी. त्याला या शब्दाचा राग आला.

घरी बाबा जेवायच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. निवृत्त झाल्यापासून एका ओळखीच्या कंत्राटदाराची किरकोळ कामं ते घरीच करायचे. कोपऱ्यात दिव्याखाली पेन्सिली एका रांगेत, रबर चौकोनी कापलेलं. आई आत खोकत होती. गेला आठवडाभर तिला खोकला होता.

"या, शास्त्रज्ञ!" बाबा म्हणाले. "घेतली का जागा खिशात?"

"एक प्रश्न राहिलाय. उद्या लिहून द्यायचाय."

"एकच ना? मग झालंच समज. कसला?"

"बाटलीला झाकण होतं का."

पेन्सिल थांबली. फार नाही, रेघ ओढताना माणूस श्वास घेतो तेवढीच. ती मुद्दाम तेवढीच थांबली होती का?

"नव्हतं," बाबा म्हणाले. "सांग नव्हतं."

"होतं बाबा. पांढरं, दातेरी."

"अरे असेल. पण सैल होतं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं तेव्हा अशीच यायची. सैल होतं म्हणून उडायचं. एवढं खोलात कशाला शिरतायत त्या? गोष्ट मुद्द्याची आहे की झाकणाची?" त्यांनी रबराचा चुरा फुंकला. "तू लिही, मुलाच्या मनात कुतूहल जागं झालं. तेच तर खरं आहे. आहे की नाही?"

"आणि चढली कशी?"

"काय?"

"पातळी. एक दिवस चढली होती. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"तू लहान होतास. बघण्यात चूक झाली असेल."

हे जवळजवळ निबंधातलंच वाक्य होतं. बाबांनी त्याचा निबंध वाचला होता, पाचही प्रती, चष्मा लावून, शुद्धलेखन तपासून. ते वाक्य आता बाबांचंच झालं होतं. कुणाचं कुणाकडून आलं हे सांगता येणार नाही अशी सरमिसळ. की आधीपासून बाबांचंच होतं? ही गोष्ट लिही असं सुचवलं होतं कुणी? पहिल्या अर्जाच्या वेळी तो कोरा कागद घेऊन याच टेबलाशी बसला होता आणि बाबा म्हणाले होते, ती बाटलीची गोष्ट लिही की, तुझी किती आवडीची. आणि आई उठून आत गेली होती. प्रत्येक वेळी ती उठून आत जायची. त्याला वाटायचं, तिला कंटाळा येतो.

"झाकण घट्ट होतं."

आई दारात उभी होती. हातात कापूस, कानात तेल घालत असावी. तिचा आवाज अजूनही एक्स्चेंजमधलाच होता, बसलेला आणि स्पष्ट. "मला उघडायला फडकं लागायचं. ओलं करून."

बाबांनी नकाशाची गुंडाळी करायला घेतली. ती सरळ होईना. त्यांनी ती परत उलगडली, परत केली. "मी जरा कंत्राटदाराकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "त्याला जिना बदलून हवाय."

ते गेल्यावर आई त्यांच्या खुर्चीवर बसली. पेन्सिलींची रांग तिने एका बोटाने हलकेच विस्कटली, मग परत नीट केली.

"केव्हा कळलं तुला?" ती म्हणाली.

"आज."

"आज?" तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल तो तिला काही म्हणू शकला नाही. "मला वाटायचं, तुला ठाऊक आहे. ठाऊक असून लिहितोस. म्हटलं, बरं डोकं आहे पोराचं, कुणाचं काही न सांगता सगळं सांगतो."

"आई, मी खरंच..."

"खोकला कधीच गेला होता. औषध राहिलं होतं. दिवसा झोप यायची नाही ना. कानात आवाज चालूच असायचे, हॅलो, हॅलो, लाइन देते. दोन चमचे घेतले की गुंगी यायची, आवाज लांब जायचे." तिने कापूस कानात बसवला. "तुझ्या बाबांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. पण त्यांना विचारायचं नसतं. त्यांना मोजायचं असतं."

"मी त्यांना सांगायचो."

"मलाही सांगायचास. आठवत नाही? शाळेतून आलास की आधी मोरीपाशी, मग माझ्या पलंगाशी. आई, आज एक रेघ उतरली! असा काही आनंद. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली. डोळ्यांवर तुझे हात. गार, शाईचे." ती जरा हसली. "तुझ्यावर राग होता माझा. तुझ्या बाबांपेक्षा तुझ्यावर. दुसरीतल्या पोरावर कसला राग धरायचा? पण होता. संध्याकाळी ते आले की तुझं धावणं ऐकू यायचं."

"म्हणून पाणी घातलंस?"

"एकदाच घातलं. जास्त पडलं. हात हलत होता." मग तिने एकदम विचारलं, "किती ठिकाणी पाठवलंस हे?"

"पाच."

"त्या पाच ठिकाणी मी कुठे आहे?"

त्याला प्रत्येक प्रत ओळीन् ओळ पाठ होती. "तीन ठिकाणी नाहीस," तो म्हणाला. "दोन ठिकाणी आहेस."

"काय करतेय?"

"झोपली आहेस."

आई मान हलवत राहिली, बाजारातल्या एखाद्या वस्तूचा भाव ऐकून हलवावी तशी. मग म्हणाली, "जागा मिळणारे का यातनं?"

"एकच आहे. आम्ही दोघं आहोत."

"मग लिही, काय लिहायचं ते. मी नाही म्हणाले नाही कधी." आणि उठता उठता, "त्यांना आवडेल बघ. आधीपेक्षा जास्त."

हे शेवटचं वाक्य ती साधेपणाने बोलली होती की टोचून, हे त्याला रात्रीच्या जेवणातही ठरवता आलं नाही. पण ते खरं होतं. ताट पुढ्यात असतानाच सहावी गोष्ट त्याच्या डोक्यात आपोआप जुळत होती, आणि ती आधीच्या पाचांपेक्षा चांगली होती. झाकण घट्ट होतं. औषध हवेत उडालं नाही. एका मुलाला त्याच्या आईवर नजर ठेवायला बसवलं होतं आणि तो त्याला विज्ञान समजत होता. मोजणं निष्पाप नसतं. वाक्यं स्वतःहून जागेवर बसत होती. बाईंनी चष्मा काढून ती वाचली असती. त्यांची उत्सुकता फिटली असती, त्या दुसऱ्याच्या निबंधात असलं काही नव्हतं. समोर बाबा मान खाली घालून जेवत होते, आई खोकत होती, आणि तो दोघांकडे बघत त्यांना शब्दांत बसवत होता. शाळेतून आल्यावर मोरीकडे धावणारे पाय त्याला टेबलाखाली स्वतःचेच जाणवले.

सकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, हात पिठाचे आहेत, औषध दे. ते मोरीवरच्या फळीवर होतं. साधं झाडपाल्याचं औषध, काळपट तपकिरी, कुणालाही दुकानात मिळणारं. झाकण हिरवं. तो बाटली घेऊन वळला आणि खिडकीच्या उजेडात त्याला लेबलाच्या कडेला एक रेघ दिसली. केसाएवढी बारीक, कडक शिशाची, आडवी, अगदी समतल. तो तसाच उभा राहिला. आत, बाबांच्या खोलीत, वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. औषध रेघेच्या किंचित वर होतं.

आता याचे तीन अर्थ होते. रेघ ओढताना बाटली तिरकी असेल. किंवा तो स्वतः तिच्याकडे वरून बघत असेल. त्याने गुडघे वाकवून डोळा रेघेच्या समोर आणला. तरी वरच होतं. किंवा तिसरा अर्थ. आणि तिसरा अर्थ खरा की खोटा हे ठरवायची रीत त्याला माहीत होती. ती घरातच शिकलेली होती. झाकण त्याने कधी फिरवलं हे त्याला कळलं नाही. करकर आवाजाने कळलं. करंगळी बाटलीच्या तोंडाशी होती. काचेचा गारवा नखाला लागला. पलीकडे आई पीठ मळत होती, परातीचा आवाज येत होता, आणि तो आवाज थांबला आहे हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्याने बोट मागे घेतलं. झाकण लावलं. बाहेर टेबलावरून चौकोनी रबर आणलं आणि रेघ पुसली. रेघ गेली, पण कडक शिशाने कागदात पाडलेली बारीक खाच राहिली. उजेडात तिरकं धरलं की दिसत होती.

आईने हात धुतले, बाटली घेतली, चमचाभर औषध प्यायलं, तोंड वाकडं केलं. मग अंगठा लेबलाच्या कडेवरून फिरवला. कुठे फिरवायचा हे तिला बघावं लागलं नाही.

"पुसलीस?"

"हो."

"उद्या परत असेल," ती म्हणाली. "डबा घेतलास का?"

प्रयोगशाळेत पोचल्यावर त्याने चिकटला थोडा वेळ आपले नमुने बघायला सांगितले आणि तो डब्यांच्या खोलीत जाऊन बसला. चार ओळी सांगितल्या होत्या. त्याने रात्रीची वाक्यं एकेक करून लिहिली. ती रात्रीइतकीच चांगली होती. मग एकेक करून खोडली, शेवटची, सर्वांत चांगली, सर्वांत शेवटी. उरलं ते पाठवलं: "बाटलीला झाकण होतं आणि ते घट्ट होतं. औषध हवेत उडालं नव्हतं. चढलेली पातळी ही माझ्या मोजमापातली चूक नव्हती. माझा निष्कर्ष चुकीचा होता."

बाई पलीकडे बसूनच असाव्यात. उत्तर लगेच आलं. "मग कमी कसं झालं? कळलंय का तुम्हाला?" खाली, वेगळ्या ओळीत: "हे तुमच्या बाजूने जाईल, असं मला वाटतं."

दाराच्या फटीतून कारखान्याचा आवाज येत होता, पिंपं ढकलल्याचा, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत असल्याचा. फळीवरच्या डब्यांपैकी एकाचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, आणि आतल्या रंगावर साय आली असणार हे त्याला इथूनही सांगता आलं असतं. बाजूने जाईल. म्हणजे जागा जवळजवळ देऊ केली होती. की ही पण एक रेघ होती, तो कुठवर उतरतो ते बघायला ओढलेली? त्याने तो विचार तिथेच सोडला. बाई चांगल्या असतील. त्यांना खरंच नुसती उत्सुकता असेल. त्याने काही फरक पडत नव्हता.

"कळलंय," त्याने लिहिलं. "पण सांगता येणार नाही."

त्याने ते वाचलं. त्यात अजून थोडी लबाडी होती, कुणीतरी अडवल्यासारखी. त्याने दुसरं वाक्य खोडलं, "सांगणार नाही" असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

मग तो उठला, फळीवरचा तो डबा खाली घेतला, आणि दोन्ही अंगठ्यांनी झाकण कडेकडेने दाबत बंद केलं.